कॅमेरा नाही, डार्करूम नाही, तरी जुन्या फोटो पेपरवर काही करता येईल का?

येईल की. बंद पडलेल्या स्टुडिओतून मिळालेलं ब्लॅक अँड व्हाइट पेपरचं पाकीट तुमच्याकडे आहे म्हणता, तर केमिग्रॅम, म्हणजे फोटो पेपरवर नुसत्या रसायनांनी उमटवलेलं चित्र, करून बघा. मी भर दिवसा, खिडकीजवळच्या टेबलावर करतो. पेपरला उजेड लागलेलाच हवा असतो, त्यामुळे मुदत संपलेला असला तरी बिघडत नाही. फक्त स्टेशनरीच्या दुकानातला 'फोटो पेपर' आणू नका. तो इंकजेट प्रिंटरचा, त्यात चांदीचे क्षार नसतात.

तत्त्व सोपं आहे. उजेड खाल्लेला पेपर डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या रसायनात, काळा होतो. आधी हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनात, गेला तर चांदीचे क्षार धुऊन निघतात आणि तो भाग पांढरा राहतो. मग पेपरवर असं काहीतरी लावायचं, जे या दोघांना थोडा वेळ थोपवेल. बेल्जियमचे पिएर कॉर्डिए यांनी १९५६ साली नेलपॉलिशने सुरुवात केली आणि पुढे जन्मभर हेच केलं.

मधाचा थेंब लावून पेपर डेव्हलपरमध्ये घाला. भोवताल काळा होतो, मध कडेकडेने विरघळू लागतो. पाण्यातून काढून हायपोत टाका: नुकतीच उघडी पडलेली कड पांढरी. पुन्हा पाणी, पुन्हा डेव्हलपर: त्याच्या आतली कड काळी. आलटूनपालटून असं करत गेलं की खोडाच्या वलयांसारखे पट्टे उमटतात. मध भराभर जातो. मला विचाराल तर नेलपॉलिशच खरं: पूर्ण वाळू द्या, सुईने चरे पाडा, चऱ्यापासून थर हळूहळू सुटत जातो आणि रेषा कितीतरी बारीक येतात. तूप, टूथपेस्ट, जॅम, काहीही लावून बघा, प्रत्येकाची चाल वेगळी.

मधलं पाणी चुकवू नका, हायपो डेव्हलपरमध्ये गेला की डेव्हलपर कामातून गेला. हातमोजे घालाच, डेव्हलपरमधल्या मेटॉलने काहींच्या कातडीला खाज सुटते. ट्रे स्वयंपाकघरातले नकोत. वापरलेल्या हायपोत चांदी असते, तो मोरीत ओतू नका; कॅनमध्ये साठवा आणि एक्स-रेच्या हायपोतून चांदी काढणाऱ्यांकडे विचारा.

शेवटी ताज्या हायपोत ठेवून वाहत्या पाण्यात नीट धुवायचं, नाहीतर उरलेले क्षार उजेडात काळवंडतात. मध्येच कुठे जांभळट, तपकिरी छटा दिसतात, त्या या शेवटच्या हायपोत बऱ्याच फिक्या पडतात. आवडल्या असतील तर त्याआधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.