पंचवीस ऐकतो आणि ५२ लिहितो

प्रश्न : माझा मुलगा सव्वासहा वर्षांचा, मराठी शाळेत पहिलीत आहे. शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो. पण ‘पंचवीस लिही’ म्हटलं की ५२ लिहितो, ‘एकोणतीस’ला ३९. ३ आणि ६ची तर रोजच अदलाबदल. सासूबाई रोज पाटीवर एक ते शंभर लिहून घेतात, तरी फरक नाही. जाऊबाईंचा मुलगा त्याच वयाचा, इंग्रजी शाळेत. त्याचं असं होत नाही. आमचा गणितात कच्चा आहे का?
— एक आई, कराड

उत्तर : कच्चा कसला, चांगला तिखट कानाचा आहे! ‘पंचवीस’मध्ये आधी पाच ऐकू येतात, मग वीस. ऐकलं त्याच क्रमाने तो लिहून मोकळा होतो. ‘एकोणतीस’मध्ये त्याला तीस ऐकू आले, म्हणून त्याने ३ मांडला आणि पुढे ९. जाऊबाईंच्या मुलाला ‘ट्वेंटी फाइव्ह’मध्ये वीस आधी मिळतात. त्याला ‘थर्टीन’ लिहायला सांगून बघा. त्या वयाची बरीच मुलं ३१ लिहितात. (जाऊबाईंसमोर नको.) जर्मन भाषेतही आधी पाच, मग वीस असंच म्हणतात, आणि तिथली मुलंही अशीच उलटी लिहितात.

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. पार विधानसभेत विनोद झाले. जोडाक्षरांची नावं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो, हे बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या. मी पहिलीचे वर्ग शिकवले आहेत, मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. जुनी नावं जायला नकोत, बाजारात तीच लागतात. पण त्यांच्यापर्यंत पोचायला मधली एक पायरी हवी.

ती घरी अशी करा. खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोडा. दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा. गठ्ठा त्यालाच बांधू द्या, तुम्ही आयता देऊ नका. दहा सुट्यांचा एक होतो हे बांधतानाच कळतं. मग ‘पंचवीस दे’ म्हणा. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या ठेवल्या की तोंडाने ‘वीस आणि पाच, पंचवीस’ असं दोन्ही म्हणायचं. एकोणतीसला तीन गठ्ठे मांडून त्यातली एक काडी काढून घ्या. गठ्ठा सुटतो, दोनच उरतात, नऊ सुट्या राहतात. एकोणचाळीस, एकोणपन्नास, थेट एकोणनव्वदपर्यंत हाच खेळ. नव्व्याण्णव मात्र वेगळ्या वाटेने जातं, त्याला शेवटी घ्या.

लिखाण त्यानंतर. जुन्या लग्नपत्रिका कापून दहा, वीस, तीस ते नव्वदची लांब कार्डं करा, आणि एक ते नऊची त्यांच्या निम्म्या रुंदीची. २०च्या शून्यावर ५चं कार्ड ठेवलं की २५ दिसतात, आणि ५ उचलला की खालचे वीस तसेच असतात. ते पाहून वहीत लिहू द्या. काही जण ‘आधी उजवीकडे ५ लिही, मग डावीकडे २’ अशी युक्ती शिकवतात. मला ती आवडत नाही. एकशे पंचवीस आले की पोराचा हात पुढे-मागे उड्या मारत बसतो.

३ आणि ६ आपल्या लिपीत जवळजवळ आरशातले आहेत, सहा-सात वर्षांपर्यंत ही अदलाबदल चालायचीच. दोन्ही अंक एका दिवशी गिरवून घेऊ नका. आठवडाभर फक्त ३, तोही ताटात पसरलेल्या रव्यात, बोटाने. आठ वर्षांनंतरही उलटं लिहिणं राहिलं आणि वाचनही अडखळत असेल, तर मात्र तज्ज्ञांना दाखवा.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना थांबवू नका, काम बदलून द्या. शंभरपर्यंत लिहून घेण्यापेक्षा रोज सापशिडीचा एक डाव त्यांच्याकडे सोपवा. सोंगटी ज्या घरात थांबेल, तो अंक नातवाने वाचायचा. आणि भाजी घेताना पंचवीस रुपये त्याच्याच हातून द्या: दहाच्या दोन नोटा, पाच सुटे.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची. क ते ज्ञ सगळी अक्षरं ओळखते, पण ‘मन’ दाखवलं तर ‘मगरीतला म, नळातला न’ म्हणून थांबते. शब्द होतच नाही.
— एक बाबा, सांगली

उत्तर : मगर आणि नळ तक्त्यावरच राहू द्या. घरी नुसतं ‘म’, नुसतं ‘न’. क्रमाने सगळी मुळाक्षरं संपवायची घाईही नको. ग, म, भ, न एवढी चारच घ्या: मन, नभ, नमन, गमन. मग फक्त काना द्या: मामा, नाग, भाग, मान. दुसऱ्या अक्षराला थांबत असेल तर पहिलं अक्षर ओढत म्हणायला लावा, ‘मऽऽन’. पहिली वेलांटी बरीच पुढे ठेवा. ती अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर ऐकू येते, मुलं तिथे हमखास अडतात. दुसरी वेलांटी सोपी जाते, आधी ती शिकवा: मीना, मीमी, नानी.