वॉर्डात चूक झाली, मी ओरडले, आता सगळ्या गप्प

प्रश्न: मी इंदूरला एका हॉस्पिटलमध्ये मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे, सहा महिने झाले, हाताखाली 14 मुली. मागच्या महिन्यात नाइटला एकीने 100 वालं, म्हणजे मिलीला 100 युनिटचं, इन्सुलिन लाल टोपीच्या 40 च्या, म्हणजे मिलीला 40 युनिट मापणाऱ्या, सिरिंजमध्ये भरलं, टोचायच्या आधी दुसरीने पाहिलं म्हणून निभावलं. मी सगळ्यांसमोर तिला खूप बोलले, मेमो दिला. तेव्हापासून एकही चूक रिपोर्ट नाही, मॅट्रन, म्हणजे आमच्या मुख्य सिस्टर, खूश आहेत, पण मी आले की मुली गप्प होतात. कडक राहू की नरम पडू?
– एक सिस्टर, रामबाग

उत्तर: ताई, मॅट्रन ज्यावर खूश आहेत ना, मला त्याचीच धास्ती वाटतेय. चुका होतच असणार, फक्त तुमच्यापर्यंत पोचत नाहीयेत. 1990 च्या दशकात अमेरिकेत एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी वॉर्डांमधल्या औषधांच्या चुका तपासल्या, त्यांना वाटलं चांगल्या टीमकडे चुका कमी निघतील, तर निघालं उलटंच, चांगल्या इन्चार्जच्या वॉर्डात नोंदी जास्त, कारण तिथल्या नर्सेस न घाबरता सांगत होत्या. मी स्वतः नवी असताना सलाइनचा रेट चुकला तो लपवला होता, आमच्या सिस्टरच्या भीतीने, रात्रभर त्या पेशंटच्या पायाशी उभी होते, ते अजून आठवतं.

आता तुमच्या सिरिंजचं बघा. 40 च्या सिरिंजवर 10 ची रेघ म्हणजे पाव मिली, 100 च्या बाटलीतून तेवढंच ओढलं की 25 युनिट जातात, अडीचपट! पहाटे शुगर किती खाली जाईल ते तुम्हाला सांगायला नको. पण 100 च्या नारिंगी आणि 40 च्या लाल टोपीच्या सिरिंज एकाच ट्रेमध्ये होत्या का हो? असतील तर आधी दोन्हींचे ट्रे वेगळे करा, मेमोने ते होणार नाही. इन्सुलिन दोघींनी बघूनच द्यायचं, यात मात्र अजिबात सूट नको, तिथे कडकच राहा. आणि सगळ्या मुलींना एकच माप लावू नका, नवीला हाताला धरून दाखवावं लागतं, दहा वर्षं झालेलीला विचारावं लागतं, तुला काय वाटतं म्हणून.

सगळ्यांसमोर बोललात तर ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी बदलताना, सगळ्यांसमोरच सांगा की माझं चुकलं, अवघड जाईल पण सांगा. आणि ताई, जिने वेळेवर पाहिलं त्या मुलीबद्दल पत्रात तुम्ही पुढे एक शब्द लिहिला नाहीत, तिला कुणी शाबासकी दिली का? उद्याच द्या.