ओळख नसताना शहीद जवानाच्या अंत्यविधीला जावं का? गावात नेमकं काय होतं?

जरूर जा. ऑफिसातल्या मित्राच्या गावचा जवान गेलाय आणि आपण घरच्यांना ओळखतही नाही, मग जाणं बरं दिसेल का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या सातारा भागात अशा वेळी कुणी कुणाची ओळख काढत बसत नाही. आसपासच्या गावांतून माणसं ट्रॅक्टर, टेम्पो, मिळेल त्या गाडीने येतात.

लांबून दिसत नाही ते काम आदल्या दिवसापासून सुरू असतं. बातमी आधी भावाला, सरपंचाला किंवा गावातल्या एखाद्या माजी सैनिकाला कळते. पार्थिव काश्मीरहून यायचं तर हवामान आणि विमान यांचा भरवसा नसतो. तोवर आई आणि बायकोला 'जखमी आहे' एवढंच सांगून धरून ठेवतात. त्यांना टीव्हीवर कळू नये म्हणून गल्लीतली केबलच बंद केल्याचं मी पाहिलंय. हे बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. मोबाईल आल्यापासून ते निभतही नाही म्हणा.

इकडे पोरं रात्रीतून गायरानात किंवा शाळेच्या मैदानावर जागा साफ करतात, चौथरा बांधतात, रस्त्याचे खड्डे मुरमाने बुजवतात. दुकानं आपोआप बंद राहतात. बऱ्याच घरांत चूल पेटत नाही, पण बाहेरून आलेल्यांच्या चहापाण्याचं कुणीतरी बघतंच. सकाळी बायका दारापुढे सडा-रांगोळी करतात. एरवी मयताच्या दिवशी कुणी रांगोळी काढणार नाही, या दिवशी मात्र वेशीपासून घरापर्यंत काढतात.

पार्थिव आधी घरी नेतात. तो वेळ घरच्यांचा असतो, तुम्ही बाहेरच थांबा. मग फुलांनी सजवलेल्या सैन्याच्या गाडीतून अंत्ययात्रा निघते आणि 'अमर रहे'च्या घोषणा सुरू होतात. मैदानावर पुष्पचक्रं वाहतात, जवान शोकशस्त्र करतात म्हणजे बंदुका उलट्या धरून मान झुकवतात, हवेत फैरी झाडतात, बिगुल वाजतो. तिरंग्याची घडी करून वीरपत्नीच्या किंवा आईवडिलांच्या हातात देतात. त्या क्षणी कॅमेरा पुढे घुसवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तुम्ही फोन खिशातच ठेवा. पुढाऱ्यांचे फ्लेक्स हा आणखी एक वैताग, पण तिथे वाद घालू नका.

आमच्या जिल्ह्यातले कर्नल संतोष महाडिक यांना 17 नोव्हेंबर 2015 रोजी काश्मीरमधल्या कुपवाड्यात वीरमरण आलं. पोगरवाडीला, त्यांच्या गावी, त्यांना निरोप द्यायला प्रचंड गर्दी लोटली होती. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक पुढे चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतून 2017 साली स्वतः लष्करी अधिकारी झाल्या.

माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी गर्दी होतेच, ती जमवावी लागत नाही. गावाची खरी परीक्षा नंतर सुरू होते: पेन्शनचे कागद, मुलांची शाळा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले हेलपाटे. आमच्याकडे यात माजी सैनिकच पुढे असतात, कारण कुठला फॉर्म कुठे द्यायचा ते त्यांनाच ठाऊक असतं. काही गावांत 15 ऑगस्टचं झेंडावंदन वीरमातेच्या हस्ते करतात. पुतळ्यापेक्षा मला ते जास्त पटतं.

जिल्ह्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या 46 जणांचं स्मारक आहे. ते इंग्रज सरकारने उभारलं, पण जपलं गावाने. पुण्यात घोरपडीचं युद्धस्मारक तर लोकवर्गणीतून झालंय. एकदा बघून या.

उद्या निघताना पाण्याची बाटली घ्या, कारण 'सकाळी 10' म्हणता म्हणता दुपार होते. गाडी गावाबाहेरच लावा, आतल्या रस्त्यावर सैन्याच्या ट्रकला वळायला जागा लागते. आणि मित्राला महिनाभराने पुन्हा विचारा, त्या घरी काही कागदपत्रांचं अडलंय का म्हणून.