साठ हजारांत कुटुंबासाठी पहिली नाव कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: गाव भंडारा जिल्ह्यात साकोलीकडे, घरी तुम्ही दोघं, दोन लेकरं आणि आई. बजेट 60 हजार. सुट्टीच्या दिवशी गळ टाकायचा, मुलांना पाण्यावर फिरवायचं. मनात एक जुनी, पेट्रोल इंजिनवाली फायबरची बोट भरली आहे, ती घ्यावी का?

भाऊ, इंजिन सध्या बाजूला ठेवा. बारा-चौदा फुटांची, रुंद, सपाट तळाची, वल्ह्यांवर चालणारी फायबरची नाव बघा आणि वाचलेल्या पैशातून घरातल्या प्रत्येकाला अंगाच्या मापाचं लाइफ जॅकेट घ्या. मीही मामा तलावांच्या, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावांच्याच मुलखातला आहे आणि माझं हे मत पक्कं आहे.

आपले तलाव पसरट आणि उथळ. धानाला पाणी सुटलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये काठ आत सरकतो आणि मधे नुसता गाळ उरतो. सपाट तळाची नाव गुडघाभर पाण्यातही तरंगते, आणि एखादं पोर मासा बघायला एका बाजूला वाकलं तरी लगेच कलंडत नाही. गावातले मासेमारी करणारे ढीवर बांधव अरुंद डोंग्यात उभं राहून जाळं टाकतात, पण तो तोल वर्षानुवर्षांच्या सवयीने येतो. स्वस्त मिळतो म्हणून लेकरांसाठी डोंगा घेऊ नका. सपाट तळाची एक अडचण मात्र आहे: वाऱ्याने लाटा उठल्या की ती आपटते आणि पाणी आत येतं. त्यामुळे गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये किंवा इटियाडोह धरणावर गेलात तरी काठ धरूनच राहा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आलं तर नाव पाण्यात घालूच नका.

माणसं किती बसवायची याचा एक साधा हिशोब लहान नावांसाठी वापरतात. लांबी आणि रुंदी फुटांत मोजा, गुणाकार करा, 15 ने भागा. चौदा फूट लांब आणि पाच फूट रुंद नाव असेल तर 70 भागिले 15, म्हणजे साडेचारच्या थोडं वर. याचा अर्थ चार माणसं, पाच नाही. आई सोबत असल्या की दोन फेऱ्या करा. 2021 च्या सप्टेंबरमध्ये वरुड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून एकाच कुटुंबातली आणि नात्यातली 11 माणसं गेली. विकणारा म्हणेल, "सात जण आरामात बसतात." त्याचं ऐकू नका, टेप लावून मोजा.

जुनी नाव घेताना ती काठावर उलटी करायला लावा. नाण्याने तळ ठोकत जा. टणटणीत आवाज येतो तिथे फायबर धड आहे, भदभद आवाज आला तर आतली लाकडी फळी कुजलेली असू शकते. मागची फळी, जिथे इंजिन अडकवतात, ती खास तपासा. दोन्ही हातांनी हलवून बघा, जराही लवली तर सौदा सोडा. फक्त तळालाच ताजा रंग दिसला तर का दिला ते विचारा. आणि एक गोष्ट कराच: गुडघाभर पाण्यात नाव काठोकाठ पाण्याने भरा. नुसतं फायबर बुडतं. बाकांखाली बंद हवेचे कप्पे किंवा फोम असेल तरच भरलेली नाव तरंगत राहते, आणि उलटल्यावर धरून राहायला तीच आधार असते. ही परीक्षा जो विक्रेता करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

जॅकेट पोराला घालून, पट्टे आवळून, खांद्याजवळ धरून वर उचला. हनुवटी आत गेली आणि जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. "पुढच्या वर्षी बसेल" म्हणून मोठं घेणं इथे चालत नाही. लहानग्याच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा.

इंजिनला माझा विरोध नाही, पण पहिल्या वर्षी नको. शिंगाड्याचे वेल, जलपर्णी, तुटक्या जाळ्याचे तुकडे पंख्यात गुंडाळतात आणि ते काढायला मागे वाकलं की सगळा भार एका टोकाला जातो. शिवाय 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे इंजिनवाल्या नावेची नोंदणी करावी लागते. बिनइंजिनच्या नावेच्या नोंदीसाठी ग्रामपंचायतीत विचारून घ्या. बॅटरीची मोटर लावायचा विचार असेल तर घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी उचलू नका. 150 अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी 50 किलोच्या वर भरते, म्हणजे नावेत एक माणूस वाढलाच.

खरं तर नावेच्याही आधी तलाव कोणाच्या ठेक्यात आहे ते बघा. बहुतेक ठिकाणी मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असतो. रोहू, कतला, मृगळचं बीज ते स्वतःच्या पैशाने सोडतात, त्यावर त्यांची चूल चालते. अध्यक्षांना भेटा, गळाने किती मासे नेले तर चालेल ते ठरवा आणि जमलं तर लिहून घ्या. जाळं टाकू नका. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या राखीव हद्दीत वन विभागाला विचारल्याशिवाय नाव नेऊच नका. संस्थेशी बोलणं झालं की एक फायदाही होतो: पाण्याखाली झाडांचे बुंधे कुठे आहेत, खोल डोह कुठे आहे, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

घ्यायची वेळ दिवाळीनंतरची. तेव्हा तलाव भरलेले असतात, वारा कमी असतो, आणि पाळीवरून ट्रॅक्टर-ट्रॉलीने नाव उतरवता येते. दोन जास्तीची वल्ही, पन्नास फूट दोर आणि पाणी उपसायला एक डबा एवढं सामान पहिल्याच दिवशी नावेत ठेवा. जी बोट मनात भरली आहे तिची लांबी, मधली रुंदी आणि मागच्या फळीचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.