मार्कर आणि टार्गेट: दोन्हींना 'लक्ष्य' म्हणावं का?

डिचोलीहून एका ताईंनी विचारलं आहे: "मूत्राशयाच्या कर्करोगाबद्दल वाचताना 'प्रोटीन मार्कर' आणि 'टार्गेट' हे शब्द एकमेकांच्या जागी आलेले दिसतात. मराठीत दोन्हींना 'लक्ष्य' म्हटलं तर चालेल का?"

नाही, ताई. घरात रुग्ण असेल तर हा फरक कळायलाच हवा.

मार्कर म्हणजे खूण. ('दर्शक' असाही शब्द सुचवतात, पण त्याने टीव्हीसमोर बसलेला माणूसच आठवतो.) केआय-६७ हे प्रथिन विभाजन चालू असलेल्या पेशींत सापडतं. गाठीतल्या बऱ्याच पेशींत ते दिसलं, तर गाठ झपाट्याने वाढते आहे असं समजतात. त्याचं काम तेवढंच. त्याच्यावर नेम धरणारं मान्यताप्राप्त औषध नाही.

टार्गेट म्हणजे लक्ष्य, औषधाचा नेम जिथे असतो ती जागा. नेक्टिन-४ हे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन मूत्राशयाच्या बहुतेक कर्कपेशींवर भरपूर असतं. एन्फॉर्टुमॅब व्हेडोटिन या औषधातलं प्रतिपिंड (अँटीबॉडी) त्याला जाऊन चिकटतं, पेशीच्या आत ओढलं जातं आणि सोबत नेलेलं विष तिथे सोडतं. पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: हे औषध देण्याआधी नेक्टिन-४ ची तपासणी सक्तीची नाही, कारण ते बहुतेकांत असतंच. म्हणजे ते पक्कं लक्ष्य आहे, पण रुग्ण निवडण्याची खूण नव्हे.

एफजीएफआर-३ या पेशीला वाढीचा इशारा देणाऱ्या प्रथिनात मात्र खूण आणि लक्ष्य दोन्ही जुळतात. त्याच्या जनुकात ठरावीक बदल सापडला, तरच एर्डाफिटिनिब या औषधाचा विचार होतो. म्हणून गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) रिपोर्ट दाखवताना सरळ विचारावं, "ही नुसती खूण, की हिच्यावर औषधही आहे?"

लिहिताना 'लक्ष्य'मधला य गाळू नये. 'लक्ष' म्हणजे ध्यान, नाहीतर लाख. 'लक्षित उपचार' हेही त्याच कारणाने खटकतं. मी 'लक्ष्यवेधी उपचार' लिहितो.

आणि 'प्रथिन' एकटं सोडू नये, 'पेशीतलं' किंवा 'पेशीवरचं प्रथिन' म्हणावं. नाहीतर घरात लगेच रुग्णाची डाळ-मासळी बंद करायच्या गोष्टी सुरू होतात, आणि ताटातल्या प्रथिनाचा या खुणांशी काही संबंध नाही.