जुन्या बुलेटच्या रॉकरला प्रेशर लाइनमधून वेगळं ऑइल द्यावं का?

तुमच्या कास्ट आयर्न ३५० बुलेटच्या हेडमधून टकटक येते, आणि मेकॅनिक म्हणतो की बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगला) दाबाने जाणाऱ्या ऑइलमधून, म्हणजे प्रेशर लाइनमधून, एक फाटा काढून रॉकरला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या लिव्हरना) देऊ. माझं ऐका, हा फाटा काढू देऊ नका. माझ्या वडिलांच्या बुलेटवर नेमकं हेच झालं होतं. महिनाभर हेड गप्प होतं, मग सायलेन्सरमधून निळा धूर आला आणि पावसाळ्याआधी बिग एंड वाजू लागला.

का ते सांगतो. या इंजिनात दोन ऑइल पंप असतात. फीड पंपाचं ऑइल फिल्टरमधून क्रँकच्या टोकात शिरतं आणि बिग एंडला पोचतं. रिटर्न पंप तळाला साचलेलं ऑइल उचलतो आणि बाहेरच्या बारीक पाइपांतून रॉकरला देतो. तिथून ते पुशरॉडच्या (रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांड्यांच्या) बोगद्यातून खाली उतरतं. बुलेटचा बिग एंड रोलरचा नाही, तरंगत्या बुशचा (ऑइलच्या थरावर मोकळ्या फिरणाऱ्या धातूच्या नळीचा) आहे, ऑइलची धार तुटली की बुश गेलाच. रॉकरला दाब लागत नाही, ते ओले राहिले की पुरे. तिथे जास्त ऑइल साचलं तर ते व्हॉल्व्ह गाइडमधून खाली उतरतं आणि जळतं. ट्रायम्फच्या जुन्या ट्विन गाड्यांतही रॉकरचं ऑइल परतीच्या लाइनमधूनच घेतलेलं होतं. ज्यांनी ही इंजिनं बनवली, त्यांनी हे विचार करून ठेवलंय.

आधी एवढं करा. गाडी चालू करून एक-दोन मिनिटं थांबा आणि हेडवरच्या पाइपाचा बॅन्जो बोल्ट (ज्याच्या भोकातून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) दीड-दोन आटे सैल करा. खाली बेंड पाइप (सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप) तापलेला असतो, म्हणून फडकं धरा. ऑइल पाझरून बाहेर आलं तर पुरवठा ठीक आहे. कोरडंच राहिलं तर गाडी लगेच बंद करा आणि पाइप व बोल्टचं भोक बघा. माझ्या गाडीत कुणीतरी तांब्याच्या वॉशरऐवजी सीलंट थापलं होतं आणि त्याचा काळा गोळा बरोबर भोकात बसला होता. बारीक तारेने काढला, नवे वॉशर घातले, झालं. पाइप बदलायचाच असेल तर खुशाल बदला, पण आतलं भोक मूळ पाइपाएवढंच ठेवा.

पुरवठा ठीक असूनही टकटक राहिली तर टॅपेट, म्हणजे पुशरॉडमधली फट, बघा. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणून, सिलिंडरच्या बाजूचं झाकण उघडा. पुशरॉड बोटांनी सहज फिरायला हवा, पण वरखाली हलता कामा नये. बहुतेक वेळा आवाज इथेच सापडतो.

आणि टायमिंग कव्हर (टायमिंग गिअरवरचं झाकण) उघडलंच तर क्रँकच्या टोकाचं कॉर्कचं सील नवं घाला. ते झिजलं की बिग एंडचं ऑइल वाटेतच गळतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.