चार घरे म्हणजे चार अपत्ये का?

प्रश्न : आई आणि वडील दोघेही बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक (एक सदोष जनुक बाळगणारे, पण स्वतः आजारी नसलेले) असतील, तर आईवडिलांच्या जनुकांच्या संभाव्य जोड्या मांडणाऱ्या पनेट चौकोनात चारपैकी एका घरात आजार दिसतो. आमच्या परिचयातील अशा एका दांपत्याच्या पहिल्याच मुलाला हा आजार आहे. पुढची तीन मुले निरोगी होतील, असे यावरून धरून चालावे का?

उत्तर : तसे कृपया धरून चालू नये. चौकोनातील चार घरे म्हणजे चार अपत्ये नव्हेत. एकाच गर्भधारणेच्या त्या चार सारख्या शक्यता आहेत. निर्दोष जनुकाला ‘न’ आणि सदोष जनुकाला ‘थ’ म्हणू. वाहकाकडे दोन्ही असतात, पण त्याच्या प्रत्येक शुक्रपेशीत किंवा बीजांडात त्यांपैकी एकच उतरते. वडिलांचे ‘न’ आणि ‘थ’ वरच्या बाजूला, आईचे डावीकडे मांडून घरे भरली, की नन, नथ, थन आणि थथ अशा जोड्या मिळतात. पहिले घर पूर्णपणे निर्दोष, मधली दोन वाहकांची आणि शेवटचे आजाराचे.

पहिल्या अपत्याच्या वाट्याला ‘थथ’ आले म्हणून ते घर खोडले जात नाही. पुढच्या प्रत्येक वेळी हाच चौकोन नव्याने मांडावा लागतो आणि आजाराची शक्यता पुन्हा २५ टक्केच राहते. अशा दांपत्याला चार मुले झाली, तर चौघेही आजारमुक्त असण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण असे चार वेळा करून ८१/२५६, म्हणजे सुमारे ३२ टक्के येते.

मग तीन निरोगींमागे एक आजारी, म्हणजे तीनास एक, हे प्रमाण खरे कुठे ठरते, असे कोणी विचारील. ते मोठ्या संख्येत ठरते. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांच्या १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात संकरित वाटाण्याच्या २५३ झाडांपासून मिळालेल्या ७,३२४ दाण्यांची मोजदाद आहे : ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले (आपल्या ‘थथ’ घरासारखे), म्हणजे २.९६ ला १. पण त्यांनी सुटी झाडेही प्रामाणिकपणे नोंदवली. एका झाडावर ४३ गोल दाण्यांमागे सुरकुतलेले अवघे २ होते, तर दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले! मला तर एकूण बेरजेपेक्षा या दोन झाडांची नोंद अधिक मोलाची वाटते, कारण कुटुंब हे त्या एका झाडासारखे लहान असते.

त्या दांपत्याने पुढच्या गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीच जनुकीय समुपदेशकाला भेटावे, असे मी आग्रहाने सुचवीन. गर्भाची तपासणी करायची की नाही, हा निर्णय शांतपणे घ्यायला त्यामुळे वेळ मिळतो.

प्रश्न : याच मुलाला पुढे निरोगी भाऊ झाला, तर तो वाहक असण्याची शक्यता निम्मी मानावी का?

उत्तर : निम्मी नव्हे, दोन-तृतीयांश. त्याला आजार नाही हे ठाऊक असल्यामुळे ‘थथ’ हे घर त्याच्यापुरते बाद होते. उरलेल्या तीन घरांपैकी दोन वाहकांची आहेत. अर्थात, हा अंदाज फार काळ बाळगण्याची गरज नाही. रक्तातील हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी केली, की तो वाहक आहे की नाही हे बहुतेक वेळा स्पष्ट होते, आणि ती त्याच्या विवाहाआधी झालेली बरी.